फैझुल्लोंच्या पेढीची कुम्री

माझी अम्मा कुम्री जन्मभर घाबरत जगली. अम्मा म्हणजे आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. मागून कुणी जरा मोठ्यानं बोललं तरी तिचे दात वाजायला लागायचे. तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती घराबाहेर पडताना तोंडात एक बदाम धरायची. अशा बाईच्या अंगावर बुखाऱ्यातल्या सगळ्यात जुन्या पेढीचं सोनं वर्षानुवर्षं गल्लीबोळांतून फिरलं आणि त्यातला एक मोतीही कधी कमी झाला नाही.

ती पेढी उस्तो, म्हणजे उस्ताद, फैझुल्लोंची. झरगरांच्या, म्हणजे सोनारांच्या घुमटाखाली, शिरल्यावर उजव्या हाताला. त्यांच्या पणजोबांना मर्व शहरातून हुसकून इथे आणलं होतं. सगळं शहरच उठवलं होतं तेव्हा. पणजोबा पायी आले, जवळ एक चिमटा आणि एक हातोडी. सुरुवातीला ते तुटलेल्या कानातल्यांचे आकडे बसवून द्यायचे. पुढे त्यांच्या मुलानं तिल्लोकोश करायला घेतला आणि पेढीचं नाव झालं. तिल्लोकोश नवरीच्या कपाळावर बांधतात: भुवयांवर बसणाऱ्या सोन्याच्या दोन कमानी, त्यांत फिरोजे, मधोमध बदख्शानचं लाल, म्हणजे माणिक, खाली मोत्यांची झालर. फैझुल्लोंचा तिल्लोकोश वेळेवर तयार झाला नाही, तर मोठ्या घरचे लोक लग्न पुढे ढकलायचे, पण दुसरीकडे जायचे नाहीत. एकासारखा दुसरा ते करत नसत, आणि बायकांसमोर किंमत बोलत नसत.

आता नवरी बसलेली अंदरूनात, म्हणजे बायकांच्या आतल्या घरात, तिथे परक्या पुरुषाला पाऊल टाकायला बंदी. मग दागिना दाखवायचा कसा, कपाळाचं माप घ्यायचं कसं? ते काम पेढीच्या घरातल्या बायकाच करायच्या. फैझुल्लोंची आई, बीबी ओफ्तोब, चाळीस वर्षं डोक्यावरून परांजीचा पायघोळ बुरखा घेऊन, कमरेला दागिन्यांचा पट्टा बांधून घरोघर गेली. तिचे गुडघे गेले तेव्हा तिच्या जागी कुणाला घ्यायचं यावर घरात वाद झाला. सुना धीट होत्या, बोलक्या होत्या. म्हातारीनं त्यांना बाजूला सारलं आणि माझ्या आजोबांना निरोप पाठवला. आजोबा पेढीत सोन्याची तार ओढायचे. कुम्री त्यांची मुलगी. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा तापानं गेला होता आणि ती माहेरी परत आली होती.

"मला नका हो पाठवू," कुम्री म्हणाली. "मला कुत्र्याची भीती वाटते, माणसांची वाटते. विहिरीवरही एकटी जात नाही मी."

"ते ऐकलंय मी," बीबी ओफ्तोब म्हणाली. "म्हणूनच बोलावलं तुला. माझ्या सुना सोनं अंगावर घेतलं की मिरवत चालतील. तू लपवत चालशील."

"आणि चोर आला तर?"

"तुझ्याकडे बघून चोराला वाटेल, हिच्याकडे काय असणार. चल, पट्टा बांध."

पहिल्या दिवशी ती जूयबोर मोहल्ल्याच्या वाटेनं निघाली आणि थोड्याच अंतरावर तिला कळलं की मागून कुणीतरी येतंय. ती थांबली की पावलं थांबत, चालली की चालत. ती एका अनोळखी घराच्या दारात शिरली आणि तिथल्या बायकांना मिठी मारून रडली. त्यांनी तिला चहा पाजला, माणसं गोळा केली. तर तो मागचा माणूस म्हणजे पेढीचाच हमाल निघाला. फैझुल्लोंनी तिच्या राखणीला पाठवलेला.

"मला आधी सांगायचं नाही का उस्तो?" ती परत येऊन म्हणाली. आवाज नेहमीसारखा बारीक, पण ती पहिल्यांदाच कुणाला तरी रागावली होती.

"सांगितलं असतं तर तू सारखी मागे वळून बघितलं असतंस," उस्तो ओशाळून म्हणाले.

त्यानंतर तिची भीती दुप्पट झाली. तो हमाल मागे आहे की काय ही एक, आणि आज तो नाही की काय ही दुसरी. पण ती जात राहिली. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. कुठल्या घरात काय दिलं ते तिला वाटेनं आठवायचं. घुमटातून निघायचं, मोडक्या हमामापाशी वळायचं, मग दारामागून दार. प्रत्येक दारामागची बाई, तिचं कपाळ, तिचा दागिना. वाटेत मधेच कुठून सुरू करायला सांगितलं तर तिला काही सांगता यायचं नाही, पुन्हा घुमटापासून निघावं लागायचं.

मग रशियाची लाल फौज आली. शहरावर विमानं फिरली, तोफा चालल्या, जुन्या बुखाऱ्याचा केवढा तरी भाग कितीतरी दिवस जळत राहिला. बुखाऱ्याचा राजा, अमीर, पळाला. फैझुल्लो पेढी सोडून हलले नाहीत. घुमट टिकला, पण शेजारच्या गाळ्याची जळती तुळई त्यांच्या खांद्यावर पडली आणि थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांचा मुलगा सिरोजिद्दीन यानं काही वर्षांनी पुन्हा दुकान मांडलं. आता सोनं थोडं, चांदी जास्त. कुम्री अजूनही घरोघर जायची, पण आता आणायचं काम जास्त होतं. बायका दागिने विकायला काढत होत्या. पुढे पेढीवर कर बसले, कराच्या वर कर बसले, आणि एके सकाळी घुमटात नवी पाटी लागली. पेढी सरकारी कारागीर संघाची झाली. सिरोजिद्दीननं बायको-पोरांना घेऊन अमू नदी ओलांडून अफगाणांच्या मुलखात जायचं ठरवलं.

"चला आमच्याबरोबर," तो कुम्रीला म्हणाला. "वडील गेले, भाऊ परगावी. इथे तुमचं कोण आहे?"

"नदी किती खोल आहे?" तिनं विचारलं.

"म्हशीची कातडी फुगवून त्यावर बसवतात. बुडत नाही माणूस."

तिनं मान हलवली. तिची जायची हिंमत झाली नाही. अशा रीतीनं पेढीची सगळी माणसं गेली आणि कुठल्या घरात काय आहे हे जाणणारी एकटी घाबरट बाई मागे राहिली.

दोन-तीन वर्षांनी सरकारला सोनं हवं झालं. बाहेरून यंत्रं आणायची होती म्हणे. एकीकडे दुकान उघडलं, सोनं द्या आणि पीठ घ्या. दुसरीकडे ज्यांच्याकडे सोनं असेल असा संशय, त्यांना उचलायला लागले. उचलणारे कोण, कुठल्या कचेरीचे, हे आमच्याकडे कुणी नावानं बोलत नसे. 'ती माणसं' म्हणायचे, एवढंच.

ती माणसं कुम्रीला हौदावर पाणी भरताना घेऊन गेली, भर दुपारी. माठ तिथेच राहिला.

ज्या खोलीत तिला ढकललं ती खोली बायकांनी भरली होती. बाहेर उन्हाळा आणि आत भट्टी पेटवलेली. खिडक्या बंद. प्यायला पाणी नाही. बायका जमिनीवर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, काहींचे ओठ फुटले होते. कुम्रीनं पाहिलं तर निम्म्या ओळखीच्या. तिनंच त्यांच्या कपाळावर दागिने बांधून पाहिले होते, दुखतंय का म्हणून विचारलं होतं. तिला बघताच एकेकीनं तोंड फिरवलं. आधी तिला वाटलं, लाजल्या असतील. मग लक्षात आलं की त्या तिलाच घाबरत होत्या. आजवर तिला कुणी घाबरलं नव्हतं. ते तिला त्या भट्टीपेक्षा भयंकर वाटलं.

फक्त सोलेहा नानवाई, पावाच्या भट्टीवाल्याची म्हातारी बायको, सरकत सरकत तिच्याजवळ आली.

"कुम्री," ती कानाशी म्हणाली, "आमच्या पोरींचे संसार तुझ्या जिभेवर आहेत."

"मी काही बोलणार नाही हो."

"तू बोलशील. तुला मी ओळखते. कोंबडी ओरडली तरी तू दचकतेस. म्हणून सांगते, निदान आधी माझं नाव घे. माझ्याकडे दोन बांगड्या आहेत, त्या घेऊन जाऊ देत. बाकीच्यांपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी तिला आत बोलावलं. टेबलामागे एक रशियन अधिकारी, दातदुखीनं गाल धरून बसलेला. त्याच्या शेजारी दुभाषा, आपल्यातलाच तरुण. अंगात चामड्याचा कोट, त्या उकाड्यातही. कुम्रीनं पुरुष कधी नीट पाहिलेच नव्हते. तिला घरं माहीत होती ती बायकांवरून. त्यामुळे हा कुणाचा कोण, तिला काही ठाऊक नव्हतं.

"फैझुल्लोच्या दुकानाचं सोनं तू घरोघर नेत होतीस," दुभाषा म्हणाला. "कोणाकोणाच्या घरी नेलंस?"

तिचे दात वाजायला लागले. बदाम नव्हता. तिनं हातानं जबडा दाबून धरला तरी ते थांबेनात.

"मला असं नाही आठवत," ती म्हणाली. "चालत गेलं तर आठवतं."

"मग चाल. तोंडानं चाल."

अम्मा मला नेहमी सांगायची की तिनं खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण खोटं बोलायला डोकं जागेवर लागतं, आणि तिचं डोकं तेव्हा जागेवर नव्हतं. जिभेला एकच वाट माहीत होती, ती त्या वाटेला लागली. घुमटातून निघाली. हमामापाशी वळली. पहिलं घर गालिचेवाल्यांचं, जळालेलं. पुढचं एका काझीचं, जळालेलं. त्याच्यापुढचं घर पाडून तिथे कापसाचं गोदाम झालेलं. दुभाषा एकेक घर रशियनमध्ये सांगत होता, अधिकारी लिहून घेत होता आणि मग खोडत होता.

"मेलेली घरं नकोत," दुभाषा म्हणाला. "जिवंत सांग. आता ज्यात माणसं राहतात ती."

"पाट ओलांडला," कुम्री डोळे मिटून म्हणाली, "की तुतीचं झाड लागतं. तिथे डावीकडे वळायचं. कोपऱ्यावरचं घर झुल्फिया ओपांचं, थोरल्या बहिणीसारख्या त्या मला. त्यांच्या लग्नात तिल्लोकोश मीच नेला. कडा कपाळाला टोचत होती, तर मी आतून कापूस लावून दिला. छान दिसला त्यांना. भुवया जुळलेल्या आहेत ना त्यांच्या, त्यामुळे..."

दुभाषा पुढे रशियनमध्ये सांगेना, म्हणून तिनं डोळे उघडले. दुभाषा तिच्याकडे बघत होता. त्याच्या भुवया मधोमध जुळलेल्या होत्या.

अधिकाऱ्यानं गाल धरूनच काहीतरी विचारलं. दुभाषा हसला, मोठ्यानं, आणि बराच वेळ रशियनमध्ये बोलत राहिला. काय बोलला ते तिला कळलं नाही. अधिकाऱ्यानं वैतागून हात झटकला. दुभाष्यानं तिला दंडाला धरून दारापर्यंत नेलं. आता तो तिला तू म्हणत नव्हता.

"हे आणखी कुणाला सांगितलंत?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही रे बाळा."

"घरी जा. पुन्हा चालायला निघू नका. तोंडानंही नाही."

ती सुटली. बाकीच्या तशा सुटल्या नाहीत. काहींनी सोनं देऊन सुटका करून घेतली, सोलेहानं बांगड्या दिल्या. एक बाई मात्र त्या उकाड्यातच गेली. आणि शहरात बोभाटा झाला की कुम्री इतक्या लवकर सुटली, म्हणजे तिनं नावं दिली. हौदावर ती गेली की बायका माठ उचलून निघून जायच्या. तिच्या दाराला कुणी शेण फासलं. पावाच्या भट्टीवर तिची पाळी आली की पाव संपलेले असायचे. ती कुणाला काही सांगूही शकत नव्हती, कारण खरं सांगितलं असतं तर तो पोरगा फासावर गेला असता. आणि त्या पोराचीही तिला भीती होतीच. ज्याचं गुपित आपल्याला ठाऊक आहे तो आपल्याला जिवंत का ठेवील, असं ती म्हणायची. दाराला कडी लावून, कडीला दोर बांधून, दोराचं टोक मनगटाला गुंडाळून ती पडून राहायची.

एका सकाळी दार वाजलं. दोर हातात ताठ झाला.

"कोण?"

"झुल्फिया. उघड, मला उन्हात उभी करू नकोस."

झुल्फिया आत आली, परांजी काढली आणि झग्याखालून एक उशी बाहेर काढली. उशीच्या आत तिल्लोकोश होता.

"माझा पोरगा कोमिल रोज घरी येऊन या उशीकडे बघतो आणि जेवत नाही," ती म्हणाली. "तू आणलास तो घरात. आता तूच घेऊन जा."

"मी कुठे नेऊ ओपा? मला नका देऊ. मी मरेन."

"मरशील तर मर, पण आधी हे मोड. मला मोडता येत नाही. हात लावला की माझी लग्नातली आई डोळ्यांसमोर येते."

मग दोघी खाली बसल्या आणि आजोबांच्या जुन्या चिमट्यानं तो तिल्लोकोश उकलायला लागल्या. फिरोजे एकेक करून निघाले. लाल निघेना, त्याची पकड फैझुल्लोंनी स्वतः बसवलेली होती. कुम्री चिमटा लावायची, तो निसटायचा, पुन्हा लावायची. झुल्फिया तिला शिव्या देत होती आणि रडत होती. शेवटी ते निघालं. खडे विहिरीत टाकले. सोनं ठोकून चपटं केलं, त्याचे तुकडे केले. ते तुकडे कुम्रीनं परांजीखाली लपवून एकेक करून पिठाच्या दुकानात नेले. दर वेळी खिडकीतला माणूस विचारायचा, "कुठून आणलंस?" आणि ती म्हणायची, "नवऱ्याचा दात." कितव्यांदा तरी तो म्हणाला, "केवढं तोंड होतं गं तुझ्या नवऱ्याला?" ती घरी येऊन दिवसभर ओकली. पण पीठ मिळालं. अर्धं तिनं झुल्फियाला दिलं.

पीठ घेऊन जाताना झुल्फिया पावाच्या भट्टीवर थांबली आणि सोलेहाला बाजूला घेऊन म्हणाली, "कुम्रीनं त्या खोलीत एकाच जिवंत घराचं नाव घेतलं. माझ्या." एवढं बोलून ती निघाली. दुसऱ्या दिवशी कुम्रीच्या उंबऱ्यावर फडक्यात बांधलेले दोन गरम पाव होते. हौदावरच्या बायका तिला वाट द्यायला लागल्या. माफी कुणी मागितली नाही, आणि तिलाही ती नको होती.

काही वर्षांनी त्या माणसांनी आपल्याच माणसांना उचलायला सुरुवात केली. त्यात कोमिललाही नेलं. कारण काय ते कुणाला कळलं नाही. अम्मानं मात्र पक्कं धरलं की त्या दिवसाचंच काहीतरी बाहेर आलं, आणि आता आपली पाळी. तिनं एक बोचकं बांधून दाराशी ठेवलं: लोकरीचे मोजे, सुकवलेला पाव, मीठ. कुणी आलं नाही. युद्ध आलं, झुल्फिया गेली, तिला अंघोळ घालायला अम्माच गेली होती. मी लग्न होऊन तिच्याच अंगणापलीकडे राहायला आले. बोचक्यातला पाव ती दर उन्हाळ्यात बदलायची. मी हसले तर म्हणायची, "हस. तुला त्या खोलीत बसवलेलं नाही."

रशियनांचा सगळ्यात मोठा साहेब मेल्यानंतर तिसऱ्या वर्षी, उचललेली माणसं परत यायला लागली होती तेव्हा, तुती पिकण्याच्या दिवसांत, एक म्हातारा आमच्या अंगणात आला. खरं तर तो म्हातारा नव्हता, पन्नाशीचा असेल, पण तोंडात दात नव्हते. भुवया पांढऱ्या, आणि मधोमध जुळलेल्या. अम्मानं त्याला फटीतून पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला.

"तो आलाय. सांग मी मेले म्हणून."

"कुम्री खोला," तो बाहेरूनच म्हणाला. खोला म्हणजे मावशी. "मी आत येत नाही. इथेच बसतो. मला एकच विचारायचंय."

तो उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला. मी चहा ठेवला. बऱ्याच वेळानं अम्मानं दार बोटभर उघडलं.

"विचार."

"त्या दिवशी मी काय सांगितलं त्या रशियनला, माहितीये? सांगितलं, ही वेडी आहे, मेलेल्यांच्या घरी जेवायला जाते. त्याचा दात दुखत होता म्हणून बरं." त्यानं चहाचा घोट घेतला. "तुम्ही माझ्या आईचं नाव मुद्दाम घेतलंत ना? मला ओळखून. हा आता पुढचं एकही घर लिहू देणार नाही, असं ठरवून? तिकडे कैद्यांच्या छावणीत बर्फात पडलो असताना मी रात्ररात्र विचार केलाय. म्हणायचो, सगळ्या बुखाऱ्यात एकच हुशार बाई होती, आणि तिनं मला एका वाक्यात बांधून टाकलं."

अम्माला हो म्हणणं सोपं होतं.

"नाही रे," ती म्हणाली. "मी घाबरले होते. पाट ओलांडला की तुमचंच घर लागतं."

कोमिल तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता, बिनदातांच्या तोंडानं. चहा सांडला तरी थांबेना. अम्मा घाबरून माझ्याकडे बघायला लागली, मग तिलाही हसू आलं. तिनं दार आणखी थोडं उघडलं आणि त्याच्यापुढे पाव ठेवला, चहात बुडवून मऊ करून.

त्यानंतर तो दर जुम्याला यायचा. दोघं फारसं बोलत नसत. तो तुती निवडायचा, ती सुकत घालायची. तो येणार हे ठाऊक असूनही दार वाजलं की ती दचकायची, आणि तो बाहेरून म्हणायचा, "मीच आहे खोला." ती गेली तेव्हा जनाजा उचलणाऱ्यांत तोही होता. अम्माला मूलबाळ नव्हतं, म्हणून पुढचा खांदा त्यानं दिला.